एमआरआय नंतर बघू, आधी मैदानावर तपासणारा माणूस द्या

दिवाळी झाली की आपल्याकडे कबड्डीच्या स्पर्धांना जोर येतो आणि त्या सीझनमध्ये मोडलेले गुडघे आमच्यासारख्या फिजिओकडे येतात ते उन्हाळ्यात. मधले चार-पाच महिने हे पोरगं काय करत असतं? तर लंगडत खेळत असतं, किंवा बसून असतं आणि मधेच एखादी मॅच खेळून परत पडत असतं. एवढ्या वर्षांत हेच बघतोय आणि आता स्पष्ट बोलायची वेळ आलीय असं मला वाटतं. गावोगावी, वाड्यावस्त्यांवर स्पर्धा होतात, फ्लडलाइट लागतात, भाड्याने मॅट येते, मोठी ट्रॉफी येते, आमदार येतात, पण पोरगं पडल्यावर पहिल्या दहा मिनिटांत त्याच्या गुडघ्याला नीट हात लावून काय झालंय ते सांगू शकेल असा एकही माणूस तिथे नसतो.

माझं म्हणणं एवढंच आहे की ज्या स्पर्धेला मान्यता हवी, परवानगी हवी, ज्या स्पर्धेच्या सर्टिफिकेटवर पोरांना पुढे फायदे मिळतात, तिथे दुखापत तपासता येणारा ट्रेन्ड माणूस मैदानाच्या कडेला बसलेला असलाच पाहिजे, ही अट घाला. फोन केल्यावर येणारा डॉक्टर नाही, गेटवर उभी असलेली अँब्युलन्सही नाही. १०८ ची सेवा २०१४ पासून महाराष्ट्रात आहे आणि तिने जीव वाचवलेत, पण ती जीवावरच्या प्रसंगासाठी आहे, गुडघ्याचं लिगामेंट, म्हणजे हाडांना एकमेकांशी बांधून ठेवणारा पट्टा, तपासायला ती नाही आणि तिच्याकडून ती अपेक्षाही करू नये.

आता पहिली दहा मिनिटंच का म्हणतो ते नीट सांगतो, कारण सगळा मुद्दा तिथेच आहे.

गुडघा हा बघायला साधा वाटतो पण हाडांच्या आकाराच्या जोरावर तो अजिबात टिकलेला नाही. खुब्यात कसं, मांडीच्या हाडाचा गोळा खोल खळग्यात बसलेला असतो, म्हणून खुबा सहसा निखळत नाही. गुडघ्यात मांडीच्या हाडाची दोन गोल टोकं नडगीच्या जवळजवळ सपाट माथ्यावर ठेवलेली आहेत, मधे दोन गाद्या आहेत, ज्यांना आपण मेनिस्कस म्हणतो, आणि हे सगळं जागेवर धरून ठेवतात ते लिगामेंट आणि आजूबाजूचे स्नायू. दोन लिगामेंट बाजूंना, दोन आत एकमेकांना फुलीसारखी ओलांडून गेलेली. आतल्या दोघांतलं पुढचं ते एसीएल, मांडीच्या हाडाच्या मागून निघून नडगीच्या पुढच्या भागात घुसतं आणि नडगीला पुढे सरकू देत नाही, वेडीवाकडी फिरू देत नाही.

आता चढाईपटूचं चित्र डोळ्यासमोर आणा. बोनस घेतला, किंवा कुणाला तरी टच केलं, आता मध्यरेषेकडे वळायचंय, एक पाय मॅटला घट्ट रोवलेला, अंग वळलेलं, आणि नेमक्या त्या क्षणी कॉर्नरवाल्याने घोट्याला पकड टाकली. पाय जमिनीत राहिला आणि वरचं अख्खं शरीर फिरलं. किंवा कुणीच हात लावला नाही, पोरगं हनुमान उडी मारून एका पायावर उतरलं, गुडघा जवळजवळ सरळ होता आणि आतल्या बाजूला कोसळला. बरेच एसीएल असे कुणाचा धक्का न लागताच जातात, हे बऱ्याच कोचना आजही खरं वाटत नाही. पोरगं सांगतं की आतून कट् असा आवाज आला. मग दोन-चार तासांत गुडघा नारळासारखा सुजतो, कारण त्या लिगामेंटला रक्तपुरवठा असतो, ते तुटलं की सांध्याच्या आत रक्त साठतं. मार लागून इतक्या पटकन गुडघ्यात रक्त भरलं तर साधारण दहातल्या सात जणांचं एसीएल गेलेलं निघतं, म्हणजे नुसतं दोन प्रश्न विचारले, आवाज आला का आणि सूज कधी आली, तरी अर्धं निदान झालं. हे दोन प्रश्न विचारायला मशीन लागत नाही, पण विचारणारा माणूस लागतो.

आणि मग हाताने बघायची टेस्ट. गुडघा २० ते ३० अंशात वाकवायचा, एका हाताने मांडी धरायची, दुसऱ्या हाताने नडगी पुढे ओढायची, आणि ती कुठपर्यंत येते, येऊन टक् करून थांबते का नुसतीच मऊ सरकत राहते ते बोटांना जाणवून घ्यायचं. याला लॅकमन टेस्ट म्हणतात, फिलाडेल्फियातल्या जॉन लॅकमन यांच्या नावाने, त्यांचे विद्यार्थी जोसेफ टॉर्ग यांनी १९७६ मध्ये ती छापून जगासमोर आणली. दोन्ही गुडघ्यांची तुलना करायची, चांगला आधी, दुखरा नंतर. ट्रेन्ड हाताला मिनिटही लागत नाही. पण, आणि हे महत्त्वाचं आहे, ही टेस्ट पोरगं पडल्या पडल्या सगळ्यात चांगली कळते. नंतर सूज येते, दुखायला लागतं, मांडीच्या मागचे स्नायू आपोआप आवळून बसतात आणि नडगीला मागे धरून ठेवतात, मग ओढलं तरी काही हलत नाही आणि तपासणाऱ्याला वाटतं की लिगामेंट शाबूत आहे. म्हणजे दुसऱ्या दिवशी सकाळी तालुक्याला कितीही हुशार डॉक्टर असला तरी त्याच्यासमोर जो गुडघा येतो तो तपासता न येणारा गुडघा असतो, मग परत एक-दोन आठवड्यांनी सूज उतरल्यावर बोलवावं लागतं, आणि तेव्हा कोण जातंय?

मग प्रत्यक्षात काय होतं? पोरगं पडलं की चार जण धावत येतात, एक जण पाय ओढतो, एक जण गुडघा वाकवून सरळ करून बघतो, स्प्रे मारला जातो, कुणीतरी म्हणतं चाल जरा, मोकळं होईल. दुसऱ्या दिवशी एक्स-रे. एक्स-रे नॉर्मल. एक्स-रेत हाड दिसतं, लिगामेंट दिसत नाही, पण घरच्यांना फक्त 'काही नाही, फ्रॅक्चर नाही' एवढंच ऐकू येतं. क्रेप बँडेज, गोळ्या, पंधरा दिवस आराम. तीन आठवड्यांत सूज जाते, दुखणंही जातं, कारण तुटलेलं एसीएल पुढे फारसं दुखतच नाही, आणि सगळ्यांना वाटतं बरं झालं. मग पुढची स्पर्धा, पोरगं वळतं आणि गुडघा निसटतो. खेळाडू हाच शब्द वापरतात, निसटला. प्रत्येक वेळी निसटताना मांडीचं हाड त्या गादीवर घासतं, चिरडतं, आणि एक दिवस गादी फाटून मधे अडकते, गुडघा सरळच होत नाही. आमच्याकडे येतात ते तेव्हा. पहिल्या दिवशी जी एक दुखापत होती त्याच्या आता दोन-तीन झालेल्या असतात, गादी शिवता येण्यासारखी उरलीय का कापावी लागणार ते नशिबावर, आणि विशी-बाविशीतल्या पोराचा गुडघा चाळिशीच्या आत झिजायच्या वाटेला लागलेला. या मधल्या महिन्यांत झालेलं नुकसान टाळता येण्यासारखं होतं, म्हणून मला याचा राग येतो. पहिली दुखापत कुणाच्या हातात नव्हती, दुसरी होती.

पोरींचं तर वेगळंच सांगायला पाहिजे. उड्या मारायच्या, वळायच्या खेळांत मुलींना एसीएलचा धोका मुलांपेक्षा कितीतरी जास्त असतो, दुप्पट, तिप्पट, काही ठिकाणी त्याहून जास्त, हे जगभर दिसून आलंय. आणि मैदानावर आजूबाजूला सगळे पुरुष, सर, मंडळाची पोरं, पंच, मग पोरगी मांडीला हात लावू देत नाही, देऊ पण नये तिने का म्हणून, ती मुकाट उठून बाजूला बसते, घरी जाऊन आईला सांगते. महिला गटाच्या स्पर्धेत बाई फिजिओच पाहिजे, ही सोय म्हणून नको, अट म्हणून पाहिजे.

घोट्याकडे वळतो. इथे उलटा प्रकार आहे. पाय आत वळून मुरगळला की बाहेरच्या बाजूचं, घोट्याच्या पुढचं लिगामेंट ताणलं जातं, सगळ्यात कॉमन दुखापत ही. यात शंभरातले बरेचसे एक्स-रे उगाच काढले जातात आणि ज्यांचा काढायला पाहिजे ते घरी लेप लावून बसतात. याच्यावर कॅनडातल्या ओटावा शहरात इयन स्टील आणि त्यांच्या टीमने १९९२ मध्ये एक साधा नियम बांधला. घोट्याच्या दोन्ही बाजूंना जी हाडं वर आलेली असतात त्यांची मागची कड, खालच्या टोकापासून सहा सेंटिमीटर वरपर्यंत, आणि ते टोक, हे बोटाने दाबायचं. पायाच्या बाहेरच्या कडेला करंगळीच्या रेषेत मधोमध जे हाड टोचतं ते दाबायचं, आतल्या बाजूला कमानीच्या वर नॅव्हिक्युलर नावाचं हाड आहे ते दाबायचं. आणि चार पावलं टाकता येतात का बघायचं, लंगडत का होईना. हाडावर दाबून दुखत नसेल आणि लगेच आणि नंतर तपासतानाही चार पावलं पडत असतील तर एक्स-रेची गरज नाही. पुढे हजारो पेशंटवर हे तपासून झालं, आणि या नियमातून फ्रॅक्चर निसटायचं प्रमाण दोन टक्क्यांच्या आत निघालं. एक्स-रेही साधारण तीस-चाळीस टक्क्यांनी कमी होतात. सांगायचं कारण हे की हा नियम पीटीच्या सरांना एका दुपारी शिकवता येतो. फक्त हाड कुठे आहे ते बोटाला माहीत पाहिजे, पुस्तकातल्या चित्रात बघून ते येत नाही, दहा-वीस माणसांचे घोटे दाबून बघावे लागतात. बीपीएडला, म्हणजे पीटीच्या सरांच्या पदवीला, ॲनाटॉमी म्हणजे शरीररचना असतेच, पण ती पाठ करून पेपरात लिहायची असते, दुसऱ्याच्या पायावर ते हाड दाखव म्हटलं की किती जणांना दाखवता येईल हा माझा खरा प्रश्न आहे.

आता मालिशबद्दल आणि हाडवैद्यांबद्दल बोलल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. मला परंपरेशी भांडायचं नाही. उसण भरल्यावर पायाळू माणसाचा पाय लावून घेणारी माणसं माझ्या घरातही आहेत, आंबेहळदीच्या लेपाने कुणाचं नुकसान झालेलं मी बघितलं नाही. पण ताज्या दुखापतीवर जोरात चोळणं आणि ओढणं हे वेगळं आहे, त्याने खरंच नुकसान होतं. कबड्डीत मांडीत समोरच्याचा गुडघा बसतो, आत रक्त साठतं, त्याच्यावर जोरात मालिश केली तर त्या स्नायूत चक्क हाड तयार व्हायला लागू शकतं, मायोसायटिस ऑसिफिकन्स म्हणतात त्याला, पोराला महिनोन्महिने गुडघा पूर्ण वाकवता येत नाही. त्या मांडीला पहिल्या दिवशी हवा होता तो गुडघा वाकवून ठेवून आराम, थोडा बर्फ आणि चोळणाऱ्यांपासून संरक्षण, बस.

आणि शाळकरी पोरांत तर ओढाओढी अजूनच वाईट. वाढत्या वयात हाडाच्या टोकाला वाढीची पट्टी असते, कूर्चेची, मऊ, आणि शेजारचं लिगामेंट तिच्यापेक्षा मजबूत असतं. म्हणून मोठ्या माणसाचं जिथे लिगामेंट ताणलं जाईल तिथे बारा-तेरा वर्षांच्या पोराची ही पट्टी सरकते. बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं, सूज आणि दुखणं. ओढून 'बसवायला' गेलं तर पट्टीला इजा होते आणि मग ते हाड वाकडं वाढतं किंवा वाढतच नाही. शालेय स्पर्धेत चौदा वर्षांखालचा गट असतो, मैदानावर शेकडो पोरं असतात, तिथे हे माहीत असणारा माणूस नको का?

मनगटाचंही तसंच. हातावर पडलं, अंगठ्याच्या मुळाशी अंगठा वर ताणल्यावर जो खळगा दिसतो त्यात दाबून दुखलं तर स्कॅफॉइड नावाचं मनगटातलं छोटं हाड मोडलं असावं असं धरूनच चालायचं, पहिला एक्स-रे नॉर्मल आला तरी, कारण ते फ्रॅक्चर सुरुवातीला बऱ्याचदा दिसत नाही, दहा-पंधरा दिवसांनी परत बघावं लागतं. या हाडाचा रक्तपुरवठा उलट्या दिशेने, बोटांकडच्या टोकातून मागे येतो, त्यामुळे मधे मोडलं की मागचा तुकडा उपाशी राहतो आणि मरू शकतो. एक खळगा, एक बोट, एवढीच तपासणी. खांदा निखळला तर मैदानावर कुणीही बसवू नये, आधी खांद्याच्या बाहेरच्या बाजूला स्पर्श कळतोय का, हाताला नाडी लागतेय का बघायचं, झोळीत हात ठेवायचा, पाठवायचं. मान आणि डोकं तर सगळ्यात आधी, पोरगं डॅश लागून पडलं आणि मानेत दुखतंय म्हणालं किंवा क्षणभर जरी हरवल्यासारखं वागलं तर तो दिवस त्याच्यासाठी संपला, यावर चर्चाच नको.

कबड्डी सोडून एक विषय यात बसत नाही असं वाटेल पण तो महाराष्ट्रात इतका मोठा आहे की घ्यायलाच पाहिजे. पोलीस भरती. पहाटे कुठल्याही तालुक्याच्या रस्त्याला जा, पोरं-पोरी पळताना दिसतील, मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर, डांबरावर, झिजलेल्या बुटांत, काही जण अनवाणी. जाहिरात निघाली की कालपर्यंत बसून असलेलं पोरगं आज रोज सात-आठ किलोमीटर पळायला लागतं आणि महिन्याभरात नडगी दुखायला लागते. इथे तपासणी म्हणजे काय तर नडगीच्या आतल्या कडेवरून बोट फिरवायचं. दुखणं लांबवर पसरलेलं असेल, चार-पाच बोटं रुंदीहून जास्त, आणि पळायला सुरुवात केल्यावर गरम झालं की कमी होत असेल, तर शिन स्प्लिंट, पळणं कमी करून, पोटरी मजबूत करून सुधारतं. एकाच जागी, एका बोटाखाली सणकून दुखत असेल, पळताना वाढत जात असेल, रात्री झोपेत दुखत असेल, तर हाडाला तडा जायला लागलाय असं समजून थांबवायचं. सुरुवातीचे दोन-तीन आठवडे एक्स-रेत काही दिसत नाही. अकॅडमीवाले सर म्हणतात कळ काढ, नोकरी लागली की आराम आहेच. काही पोरं ऐन ग्राउंडच्या दिवशी पळता पळता नडगी मोडून घेतात, आणि आई-बापाने उसनवारी करून भरलेली फी, वर्षभराची मेहनत, वयाची अट, सगळं त्या एका दिवसात जातं. एका बोटाने टाळता आलं असतं हे.

याच्यावर मला हमखास ऐकवलं जातं की आता जिल्ह्याला एमआरआय आहे, कशाला हाताच्या टेस्ट घेऊन बसलात. एमआरआयला माझा विरोध नाही, सर्जरी ठरवायची तर तो लागतोच. पण एमआरआय प्रश्नाचं उत्तर देतो, प्रश्न आपण विचारायचा असतो. अमेरिकेत फ्रॅमिंगहॅम या गावात पन्नाशीच्या पुढच्या साध्या माणसांचे गुडघे एमआरआयमध्ये बघितले गेले, २००८ मध्ये ते छापून आलं. ज्यांच्या गादीला चीर निघाली त्यातल्या ६१ टक्के लोकांना आधीच्या महिन्यात गुडघ्यात दुखणं, ठणका, आखडणं काहीच नव्हतं. म्हणजे फोटोत दिसलेली प्रत्येक चीर हे दुखण्याचं कारण नसतं. तरुण खेळाडूत आकडा वेगळा असेल, पण तत्त्व तेच. हाताने तपासून आधी शंका तयार झाली तर एमआरआय तिची खात्री करतो, नाहीतर रिपोर्टमध्ये चार ओळी येतात, ग्रेड टू अमुक, माइल्ड तमुक, आणि पोरगं घाबरून खेळ सोडतं किंवा बेफिकीर राहून गुडघा घालवतं. शिवाय खर्च. एमआरआयच्या पैशात गावातल्या स्पर्धेला एक फिजिओ संपूर्ण स्पर्धाभर बसू शकतो आणि त्यात सगळ्या टीम तपासून होतात.

वरच्या लेव्हलला हे सगळं आहे हो. २०१४ ला प्रो कबड्डी सुरू झाली तेव्हापासून टीमबरोबर फिजिओ फिरताना आपण टीव्हीवर बघतो, खेळाडू पडला की धावत जाऊन गुडघा धरतात ते आपल्याला दिसतं. कुस्तीपटू विनेश फोगट २०१६ ला रिओ ऑलिम्पिकमध्ये क्वार्टर फायनलला पडली, स्ट्रेचरवरून नेली, गुडघ्याची सर्जरी झाली आणि २०१८ च्या एशियन गेम्सला तिने गोल्ड जिंकलं. आपला बीडचा धावपटू अविनाश साबळे २०२५ च्या जुलैमध्ये मोनॅकोच्या डायमंड लीगमध्ये पडला, एसीएल गेलं, टोकियोची वर्ल्ड चॅम्पियनशिप हुकली, पण निदान लगेच झालं, पुढचा रस्ता लगेच ठरला. हे मिळालंच पाहिजे त्यांना. पण अविनाशसारखी पोरं मोनॅकोला जायच्या आधी कुठल्या तरी तालुक्याच्या मैदानावरच पळत असतात, आणि त्या वयात गुडघा गेला तर ती मोनॅकोपर्यंत पोचतच नाहीत, त्यांची नावं आपल्याला कधी कळत नाहीत.

अजून एक गोष्ट, जिच्यावर लोक बोलायला तयार नसतात. पडलेल्या पोराला परत खेळवायचं का, हे आज ठरवतं कोण? कोच, मंडळ, आणि स्वतः पोरगं. तिघांनाही जिंकायचंय. दहावी-बारावीला खेळाचे सवलतीचे गुण आहेत, सरकारी नोकरीत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे, चांगल्याच योजना आहेत त्या, पण त्यामुळे विभागाची एक मॅच म्हणजे पोराच्या अख्ख्या आयुष्याचा प्रश्न होऊन बसते. अशा वेळी सतरा वर्षांचं पोरगं स्वतःहून 'मला जमत नाही' म्हणेल ही अपेक्षा करणंच चूक आहे, ते इंजेक्शन घेऊन उतरेल, पट्टी बांधून उतरेल. म्हणून निर्णय अशा माणसाच्या हातात पाहिजे ज्याला त्या मॅचच्या निकालाशी घेणंदेणं नाही, आणि त्याने नाही म्हटलं की पंचाने पोराला आत घ्यायचं नाही, हे नियमात लिहिलेलं पाहिजे. नाहीतर फिजिओ बसवला आणि कोचने ऐकलं नाही तर उपयोग शून्य. आणि सर्जरीनंतर परतायचं तेव्हाही हेच, नॉर्वे आणि अमेरिकेतल्या एसीएलच्या पेशंटवरून २०१६ मध्ये पुढे आलं की नऊ महिन्यांपर्यंत परतणं जेवढे महिने पुढे ढकलाल तेवढ्या प्रत्येक महिन्याला पुन्हा गुडघ्याला दुखापत व्हायचं प्रमाण साधारण निम्म्याने कमी होतं. आपल्याकडे सहाव्या महिन्यात पोरगं मॅटवर असतं.

माणसं आणायची कुठून, हा आक्षेप मात्र खरा आहे आणि त्याला मी उडवून लावणार नाही. तालुक्याला स्पोर्ट्स मेडिसिनचा डॉक्टर मिळणार नाही. पण नाशिकच्या आरोग्य विद्यापीठाखाली राज्यभर फिजिओथेरपी कॉलेजं आहेत, चार वर्षं शिकून झाल्यावर पोरांना इंटर्नशिप करावीच लागते. त्यातले काही आठवडे शालेय आणि मान्यताप्राप्त स्पर्धांच्या मैदानावर लावा, वर एक अनुभवी फिजिओ देखरेखीला ठेवा. इंटर्न कच्चे असतात, चुकतील, असं म्हणाल तर हो, काही वेळा चुकतील, पण आज तिथे जो पाय ओढतोय त्याच्यापेक्षा नक्कीच कमी चुकतील, आणि मुख्य म्हणजे त्यांचं काम अचूक निदान करणं हे नाहीच, कुणाला थांबवायचं, कुणाला आजच पाठवायचं आणि कुणाला कशाला हात लावू द्यायचा नाही एवढंच आहे. ताज्या गुडघ्यावर लॅकमन करायची संधी हॉस्पिटलच्या ओपीडीत त्यांना क्वचित मिळते, मैदानावर एका सीझनमध्ये हात तयार होईल. पीटीच्या सरांना आणि मॅडमना दोन दिवसांचं प्रत्यक्ष हाताने करायचं ट्रेनिंग द्या, दर वर्षी, लेक्चर नको. पैशाचं म्हणाल तर ज्या स्पर्धेत पहिल्या बक्षिसाला लाखाच्या घरात रक्कम असते तिथे फिजिओचं मानधन आणि बर्फाची पेटी परवडत नाही हे मला मान्य नाही. छोट्या मंडळांना, शाळांना क्रीडा खात्याने द्यावं.

आणि हे करताना वॉर्म-अपही घुसवता येतो. फुटबॉलमध्ये फिफाने इलेव्हन प्लस नावाचा वीस मिनिटांचा कार्यक्रम आणला, उडी मारून कसं उतरायचं, गुडघा आत कोसळू द्यायचा नाही, मांडीच्या मागचे स्नायू मजबूत करायचे, नॉर्वेतल्या शाळकरी वयाच्या मुलींवर करून बघितला तेव्हा दुखापती सुमारे एक तृतीयांशाने कमी झाल्या, गंभीर दुखापती जवळजवळ निम्म्याने. कबड्डीसाठी असं काही आपणच बसवायला पाहिजे, खेळ आपला आहे, पकडी आपल्याला माहीत आहेत, घोटा पकड लागल्यावर गुडघा कसा वाचवायचा हे बाहेरचं कोण येऊन शिकवणार?

सुरुवात कुठून करायची तर माझ्या मते तालुका पातळीच्या शालेय कबड्डी आणि खो-खोपासून, पुढच्याच सीझनला. स्पर्धेच्या अर्जात वैद्यकीय व्यवस्थेच्या नावाखाली 'आहे' एवढं लिहून भागतं, तिथे त्या माणसाचं नाव आणि त्याचा कौन्सिलचा रजिस्ट्रेशन नंबर मागा. मैदानावर पडलेल्या प्रत्येक पोरासाठी एक साधं कार्ड भरा, कधी पडलं, कसं पडलं, आवाज आला का, सूज किती वेळात आली, हाड दाबून कुठे दुखलं, चार पावलं पडली का, लॅकमनला काय वाटलं. एक प्रत पालकांच्या हातात, एक खात्याकडे. दुसऱ्या दिवशी तालुक्याच्या डॉक्टरसमोर जेव्हा तो सुजलेला, तपासता न येणारा गुडघा येईल तेव्हा त्यांना निदान ते कार्ड तरी वाचता येईल, आणि तीन सीझनची कार्डं जमली की कुठल्या वयाला, कुठल्या पकडीत, माती का मॅटवर जास्त गुडघे जातात हे आपल्याला पहिल्यांदा आपल्या आकड्यांत कळेल.